मुकी आत्या

पुनमचंद शेठच्या छत्रीशी माझं वैर सहा वर्षांचं. छत्री म्हणजे टीव्हीची डिश. आमच्या जुन्नरात तिला छत्रीच म्हणतात. बसवली त्यांच्या मागच्या भिंतीवर, पण तोंड आलं माझ्या परसात. माझी कपडे वाळत घालायची तार तिनं अडवली. वानरं यायची, तिला लोंबकळायची आणि तिथून धाडकन माझ्या पत्र्यावर उडी मारायची. वानरांनी ती हलवली की शेठजींचं चित्र जायचं, आणि मग ती सरळ करायला येणारा माणूसही माझ्याच पत्र्यावर चढायचा. मी शेठजींना कितीदा सांगितलं, "तिचं तोंड तेवढं फिरवा." ते म्हणायचे, "हाजराबी, तिचं तोंड कुठं ठेवायचं ते मी नाय ठरवत, वरचा सॅटेलाइट ठरवतो."

म्हणून या दिवाळीत त्यांची नात रिद्धी पुण्याच्या कॉलेजातून घरी आली आणि तिनं जाहीर केलं की छत्री काढून टाकायची, आता सगळं नेटवर पाहायचं, खर्चही निम्म्यावर येतो, तेव्हा खरं तर मी पेठेत पेढे वाटायला हवे होते. मी काय केलं? तशीच पदर सावरत शेठजींच्या भांड्यांच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "शेठजी, छत्री काढू नका."

शेठजी गिऱ्हाइकाला तांब्या दाखवत होते. तो तसाच हातात राहिला.

"काय म्हणाल्या?" त्यांना ऐकू कमी येतं, पण या वेळी त्यांचा विश्वास बसला नव्हता.

"छत्री! काढू नका! नेटचं काय खरं नाय. पाऊस आला की जातं, वारा आला की जातं."

"पाऊस आला की छत्रीचंबी जातंच की."

"तिची सवय झालीय आपल्याला," मी म्हणाले.

"तुमची तब्येत बरी हाय ना?" शेठजींनी काळजीनं विचारलं.

तब्येत ठणठणीत होती. मी घाबरले होते. आणि का घाबरले होते ते सांगायचं तर आधी कस्तुरबाईंबद्दल सांगावं लागेल.

कस्तुरबाई म्हणजे शेठजींची बायको आणि माझी मैत्रीण. माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला 'अगं हाजरा'. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी यांच्यामध्ये एक बोळ आहे, इतका अरुंद की दोघींनी हात लांब केले तर लिंबू देता येतं. सकाळी नऊला शेठजी दुकानात जातात, माझा नवरा चांद त्याच्या गाद्या भरायच्या दुकानात जातो, आणि मग आमच्या दोन्ही खिडक्या उघडतात. माझ्या दिवसाची सुरुवात ती. त्याआधी केलेला चहा-नाश्ता मी दिवसात धरत नाही.

कस्तुरबाई जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण आटोपायचं हे त्यांचं लहानपणापासूनचं. सात वर्षांपूर्वी गावात चातुर्मासाला साध्वीजी आल्या होत्या, त्यांच्यासमोर कस्तुरबाईंनी आणखी एक नियम घेतला. सूर्य मावळल्यावर टीव्ही पाहायचा नाही, जन्मभर. नियम घेताना तो सोपा वाटला होता, कारण त्यांची आवडती मालिका नुकतीच सुरू झाली होती आणि ती लागायची दुपारी साडेचारला. मालिकेचं नाव मी सांगत नाही, उगाच फुकट जाहिरात कशाला? तर नियमाला दोन महिने झाले नाहीत तोच चॅनेलवाल्यांनी मालिका उचलली आणि रात्री साडेआठला नेऊन ठेवली.

दुसरी कोणी असती तर साध्वीजींकडे जाऊन काहीतरी सूट मागून आली असती. कस्तुरबाई तशा नाहीत. पण त्या बुद्धूही नाहीत. नियम पाहण्याचा होता, ऐकण्याचा नव्हता. शेठजींच्या कानांमुळे त्यांच्या घरातला टीव्ही असा गर्जतो की पेठेत कोणाला वेगळा टीव्ही घ्यायची गरजच नाही. साडेआठ वाजले की शेठजी आणि सूनबाई हॉलमध्ये, आणि कस्तुरबाई मधलं दार लावून स्वयंपाकघरात, हातात माळ आणि कान दाराला.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा दाखवतात, तो का नाही पाहिला? तर दुपारी शेठजी हॉलमध्येच आडवे होतात, आणि शेठजी झोपलेले असताना टीव्ही लावायची हिंमत त्या घरात कोणाचीच नाही. मोबाईलवर दिसतं म्हणे, पण कस्तुरबाईंना त्यातली बोटभर माणसं दिसत नाहीत. राहिलं काय, तर कान.

पण मालिकेत बोलणं निम्मं आणि बघणं निम्मं असतं. ढाण् ढाण् ढाण् वाजतं तेव्हा कोण कोणाकडे बघतंय, हे ऐकणाऱ्याला कसं कळावं? घरात विचारायचीही पंचाईत. नियम घेऊन बसल्यात आणि जीव अजून मालिकेत, असं सुनेला दिसलं असतं. म्हणून सकाळी नऊला खिडकी उघडली की कस्तुरबाई गज धरून विचारायच्या, "हाजरा, काल दार वाजलं ते कोणी उघाडलं? थोरली रडली तवा धाकटी कुठं व्हती? आन साडी कंची व्हती गं?" आदल्या रात्री आमच्या टीव्हीवर पाहिलेलं मी सांगायचे. मी त्यांचे डोळे होते, असं म्हणायला हरकत नाही. आणि मला ते काम फार आवडायचं.

मग हळदीचा भाग आला. मालिकेतल्या धाकट्या सुनेचं लग्न होतं. त्या संध्याकाळी मी पारगावला नणंदेकडे गेले होते आणि भाग पाहायचा राहिला. सकाळी खिडकी उघडते तर कस्तुरबाई आधीच गजाला चिकटलेल्या.

"हाजरा, काल हळदीत एकदम समदे गप झाले. किती वेळ नुसती पावलं वाजत व्हती. कोण आलं गं?"

पाहिलं नाही, एवढं सांगायचं होतं. दोन शब्दांचं काम. पण त्यांचा तो चेहरा बघून माझ्या तोंडून ते निघेना. मी म्हणाले, "आत्या आली."

"कोण आत्या?"

"नवरदेवाची. त्याच्या बापाची थोरली बहीण."

"मंग ती बोलली का न्हाई?"

आता आली का पंचाईत? आज बोलली नाही म्हणावं तर उद्या बोलायला हवी, आणि तिचा आवाज मी कुठून आणू? मी म्हणाले, "मुकी हाय ती."

कस्तुरबाईंनी गालाला हात लावला. "अगं बाई! मुकी?" म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं. आत्या तिथं जन्मली आणि मला पुन्हा मारता आली नाही.

पहिले काही दिवस मी तिला कोपऱ्यात नुसती उभी ठेवली. पण कस्तुरबाई रोज विचारणार, आत्यानं काय केलं? मग आत्याला काहीतरी करावं लागलं. मालिका लिहिणाऱ्यांचं तुम्हाला ठाऊक आहे, एक गोष्ट सुरू करतात आणि विसरून जातात. मालिकेतल्या खलनायक मामानं चोरलेले जमिनीचे कागद एक दिवस गायब झाले आणि पुढं कोणी त्यांचं नावच काढलं नाही. कस्तुरबाईंनी विचारलं, कागद कुठं गेले? मी म्हणाले, आत्यानं पिठाच्या डब्यात लपवले. मालिकेत भांडं पडल्याचा आवाज आला, तर ते आत्यानं मुद्दाम पाडलं, मामाचं फोनवरचं बोलणं तुटावं म्हणून. थोरली रात्रभर रडली आणि सकाळी हसत उठली, मध्ये काय झालं ते मालिकेत नव्हतं. आत्या तिच्या डोक्यावर हात फिरवत बसली होती. त्या घरात जे जे कोणी निस्तरलं नाही ते माझ्या आत्यानं निस्तरलं.

आणि मी स्वतः कशी, तर माझं तोंड एक मिनिट बंद नसतं, हे चांद तुम्हाला सांगेल. पण आयुष्यात इतकं बोलून मी काय बदललं? आत्या एक शब्द न बोलता सगळ्यांना वठणीवर आणायची. खरं सांगते, मला मालिकेपेक्षा आत्याच आवडायला लागली होती. सकाळी उठल्यावर भाकरी थापताना मी तिचाच विचार करायचे.

कस्तुरबाईंचंही तेच. पहिला प्रश्न आत्याचा, बाकी मग. त्यांचं नारायणगावला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस खिडकीत यायला मनाई होती, तर त्यांनी सुनेकडून निरोप पाठवला, "हाजराला विचार, आत्या बरी हाय का?" सून मला विचारते, कोण आत्या आजारी आहे? मी म्हणाले, आमची एक नात्यातली आहे.

तर असं. सात वर्षं झाली. आता नेट आलं की कस्तुरबाई हवा तो भाग हवा तेव्हा पाहू शकणार, आणि त्यात आत्या नसणार. माझं खोटं उघडं पडेल याची लाज होतीच. पण खरी भीती खिडकीची होती. ज्या बाईनं एवढं खोटं रोज डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, तिच्यासाठी कस्तुरबाई सकाळी नऊला खिडकी का उघडतील? आणि त्यांना स्वतःचं स्वतः पाहता आलं की माझं कामच काय उरलं?

शेठजी सुरुवातीला माझ्याच बाजूचे होते. त्यांना सगळ्या चॅनेलचे नंबर पाठ, ते सोडायचे म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं. पण रिद्धी हुशार. तिनं नवा रिमोट त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आजोबा, यात फक्त बोला." शेठजी रिमोटवर ओरडले, "बातम्या!" आणि बातम्या लागल्या. "भजन!" भजन लागलं. शेठजींचा चेहरा फुलला. "घरात कोणी माझं ऐकत नाय, हा तरी ऐकतो," ते म्हणाले, आणि माझा एकुलता एक साथीदार फितूर झाला.

मग रिद्धीनं स्वयंपाकघरात येऊन कस्तुरबाईंना सांगितलं. मी माझ्या खिडकीतून ऐकत होते.

"आजी, तुझी मालिका पहिल्या भागापासून आहे नेटवर. सकाळी अकराला पाहा, बाराला पाहा. आजोबा दुकानात असतात, आणि सूर्य डोक्यावर असतो. तुझा नियम मोडत नाही."

कस्तुरबाईंनी रिद्धीचे दोन्ही हात धरले आणि रडायला लागल्या, हसत हसत. सात वर्षं एक माणूस बंद दाराआड बसून ऐकत होता, आणि आज दार उघडलं होतं. मला हेही सांगायलाच हवं की ते बघून माझाही ऊर भरून आला. मी एवढीही वाईट नाही.

पण मग त्या खिडकीशी आल्या. "हाजरा, मी पयल्या भागापासून बघनार. एकबी सोडनार न्हाई. आत्या कंच्या भागात येती गं?"

"हळदीच्या," मी म्हणाले, आणि ओट्याला टेकून उभी राहिले.

रिद्धीनं शोधून सांगितलं, हळद सत्त्याऐंशीव्या भागात आहे. कस्तुरबाई रोज चार भाग पाहायच्या. तुम्हीच हिशेब करा, माझ्याकडे तीन आठवडे होते.

त्या तीन आठवड्यांत आमच्या खिडकीची वेळ बदलली. नऊच्या ऐवजी साडेबारा, आणि सांगणाऱ्या कस्तुरबाई, ऐकणारी मी. असा आनंद मी माणसाच्या तोंडावर क्वचित पाहिलाय. साडेचारला लागायची तेव्हा दोन महिने त्यांनी मालिका पाहिली होती खरी, पण सात वर्षं नुसत्या आवाजावर काढल्यानं चेहरे पार पुसून गेले होते आणि त्यांनी आपल्या मनानंच नवे लावले होते. "हाजरा, मामा एवढा देखणा हाय? मी त्याला टकला समजत व्हते! असल्या टकल्या आवाजाचा मानूस आन केस बघ!" दुसऱ्या दिवशी, "थोरली केवढीशी गं! आवाज एवढा मोठा आन बाई माझ्या खांद्याला लागंल." आणि तिसऱ्या दिवशी, "त्यांच्या सैपाकघरात गॅस हाय, पन शेगडीवर कधी कायबी नसतं. खात्यात काय ही लोकं?" मी हसायचे, आणि मनात मोजायचे. बारा झाले. अठ्ठावीस झाले.

मी प्रयत्न कमी नाही केले. म्हणाले, जुने भाग रटाळ आहेत, सरळ ताजे बघा. नाही म्हणाल्या. म्हणाले, ऑपरेशनच्या डोळ्यांना त्रास होईल. म्हणाल्या, डॉक्टरनंच सांगितलंय, लांबून बघायला हरकत नाय. शेवटी रिद्धी पुण्याला परत निघाली तेव्हा तिला बोळात गाठलं.

"रिद्धी, यातला एखादा भाग काढून टाकता येतो का गं?"

"काढून? मावशी, तो आपल्या घरात नसतो. सर्व्हरवर असतो."

"मग त्या सर्व्हरला सांगायचं. कुठं असतो तो, पुण्याला?"

रिद्धी इतकी हसली की तिची बॅग खाली पडली. माझा तो शेवटचा उपाय होता. सोडून दिला.

सत्त्याऐंशीवा भाग आला तो बुधवार होता. साडेबाराला मी खिडकी उघडून उभी. समोरची खिडकी बंद. एक वाजला, दोन वाजले. गुरुवारी बंद. शुक्रवारी सकाळी नऊला उघडून पाहिली, साडेबाराला पाहिली, चारला पाहिली. कस्तुरबाई घरात होत्या, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, फोडणीचा वास माझ्या घरात येत होता. फक्त खिडकी उघडत नव्हती. मला जेवण जाईना. सात वर्षांत मला ती खिडकी इतकी लागत होती हे मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी चांदनं विचारलं, "काय झालंय? दोन दिवस झाले, तू बोलत नाहीस. मला भीती वाटायला लागलीय."

मी त्याला सगळं सांगितलं. आत्या, पिठाचा डबा, हळद, सगळं. चांद हसत सुटला. कापसाच्या धुळीनं त्याला आधीच खोकला, त्यात हसू. मी पाठ चोळत बसले. मग डोळे पुसून म्हणाला, "सात वर्षं? एक बाई उभी केलीस तू? आणि मला वाटत होतं तू नुसतीच बडबडतेस."

"मी काय करू ते सांग."

"जा आणि सांग तिला. खिडकीतून नको, दारातून जा."

शनिवारी सकाळी मी पुढच्या दारानं गेले. किती दिवसांनी गेले कोण जाणे. खिडकी असताना दार कोणाला लागतं? नेमकं त्याच दिवशी छत्री काढायला माणूस आलेला, आणि अर्थात माझ्याच पत्र्यावर चढलेला. शेठजी खालून त्याला ओरडून सूचना देत होते. मला बघून म्हणाले, "घ्या हाजराबी, तुमची तार मोकळी झाली!" मी मान हलवली आणि आत गेले.

कस्तुरबाई हॉलमध्ये बंद टीव्हीपुढे बसल्या होत्या, मांडीवर मेथीची जुडी. मला बघताच दचकून उभ्या राहिल्या. मेथी सगळी खाली. मला वाटलं आता त्या तोंड फिरवणार. पण त्यांच्याच चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"बस," त्या म्हणाल्या. बसल्या मात्र त्याच.

मी उभ्यानंच सुरू केलं, बसले असते तर जमलं नसतं. "कस्तुरबाई, आत्या नाय. मालिकेत नाय. कधीच नव्हती. हळदीच्या दिवशी मी पारगावला होते, मी बघितलंच नव्हतं. तुम्हाला नाय म्हणवलं नाय म्हणून बोलले, आणि मग बोलतच राहिले. सात वर्षं खोटं बोलले मी तुमच्याशी. तुम्ही खिडकी बंद केली ते बरोबर केलं. पण माझ्याच्यानं राहवत नाय. माझा दिवसच सुरू होत नाय."

कस्तुरबाई खालची मेथी गोळा करायला लागल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आत्या न्हाई ते म्हाईत व्हतं मला."

"बुधवारी कळलं ते."

"बुधवारी न्हाई गं. तीन वर्षं झाली."

मला खाली बसावंच लागलं.

"तुला आठवतं, तू सांगितलं व्हतंस की गौरीच्या सणाला आत्या हिरवं लुगडं नेसनार, आयुष्यात पयल्यांदा? म्हनालीस, उद्याच्या भागात हाय. मला त्या दिवशी राहवलं न्हाई, हाजरा. मी मधलं दार इवलंसं उघाडलं." त्यांनी दोन बोटांनी फट दाखवली. "नियम मोडला. समदा भाग फटीतून बघितला. कोपरा अन् कोपरा बघितला. आत्या कुठंच न्हाई. आन सकाळी तू आलीस आन म्हनालीस, हिरव्या लुगड्यात काय दिसत व्हती आत्या, दारात उभी व्हती समदा वेळ!"

मी तोंडावर पदर घेतला. त्या लाजेत मला हसूही येत होतं, काय करू?

"मला लई राग आला व्हता. पन बोलू कशी? तू खोटं बोललीस म्हनायचं तर मी बघितलं हे सांगावं लागनार. साध्वीजींकडं गेले, त्यांनी प्रायश्चित्त दिलं. दिवसभर एकदाच, अळणी, उकडलेलं खाऊन ऱ्हायले. तुला सांगितलं, पोट बिघडलंय."

"मग मला विचारलं का नाय नंतर? रोज आत्याचंच का विचारत होता?"

कस्तुरबाईंनी आता माझ्याकडे पाहिलं. "दोन दिवस ठरवलं व्हतं, विचारायचं न्हाई. मंग करमंना. मनात आलं, जी बाई टीव्हीत न्हाई ती ऱ्हाती कुठं? तर ती तुझ्या तोंडात ऱ्हाती. मी विचारलं न्हाई तर ती जानार कुठं, मुकी बिचारी? म्हनून विचारत ऱ्हायले. टीव्हीतली समदी मानसं पेठेतल्या समद्यांची. आत्या आपल्या दोघींचीच."

माझे डोळे गळायला लागले ते थांबेनात.

"मग तीन दिवस खिडकी?" मी शेवटी विचारलं.

"लाजेनं गं. हळद बघून झाली, आता तू विचारशील आत्या दिसली का, मंग मी काय सांगू? दिसली म्हनलं तर खोटं, न्हाई म्हनलं तर समदंच निघनार. मी आत बसून हाय, तू तुझ्या खिडकीत उभी हाईस, मला दिसत व्हतं फटीतून." मग हळूच म्हणाल्या, "आन एक सांगू? तीन वर्षं म्हाईत असून बुधवारी सकाळी मला वाटत व्हतं, हळदीला तरी असंल. आंघोळ करून, चांगली साडी नेसून बसले व्हते."

यावर आम्ही दोघी अशा हसलो की बाहेरून शेठजी ओरडले, "काय झालं? पडली का?" त्यांना वाटलं छत्री पडली. छत्री पडली नव्हती. तो माणूस ती खांद्यावर घेऊन शिडी उतरत होता.

कस्तुरबाईंनी डोळे पुसले, रिमोट घेतला आणि हळदीचा भाग लावला. अंगणात मांडव, झेंडूच्या माळा, मधोमध पाटावर धाकटी. सगळे एकदम गप्प झाले आणि पावलं वाजायला लागली. मी पहिल्यांदाच पाहत होते. थोरली सासू जिना उतरून खाली येत होती. एवढंच. इतक्या साध्या गोष्टीसाठी मी सात वर्षं खपले होते.

कस्तुरबाईंनी बटण दाबलं. सासू जिन्यावर एक पाय उचलून थांबली, धाकटी मान खाली घालून थांबली, हळदीची वाटी घेतलेला हात हवेत थांबला.

"छत्रीवर हे व्हत नव्हतं बघ. ती आपली पळत सुटायची," कस्तुरबाई म्हणाल्या. त्यांनी मला आपल्या शेजारी ओढलं. "हां, सांग आता. आत्या कुठं उभी हाय?"

मी पडद्याकडे पाहिलं. मांडवाच्या कडेला एक खांब होता आणि त्याच्यामागे थोडा अंधार.

"त्या खांबाच्या मागं," मी म्हणाले. "तिलापण हळदीची वाटी दिलीय कोणीतरी. नवरीला लावायला जायचंय, पण समदे नवरीकडं बघतायत ना, तर तिनं गुपचूप एक बोट स्वतःच्या गालाला लावलंय. तिला कधी कोणी लावली नव्हती."

कस्तुरबाई पुढे सरकल्या. चष्मा नाकावर चढवून त्या खांबाकडे बघत राहिल्या.

"दिसली," त्या म्हणाल्या. "उजव्या गालाला. चालू करू?"

"नका करू अजून," मी म्हणाले. "तिला गाल पुसू द्या."